बिल्ड १७ : भुकेचा पट्टा काढून टाकला

सांगलीच्या पुरावर मी एक सर्व्हायव्हल (जीव वाचवायचा) गेम बनवतोय, त्याच्या दर नव्या आवृत्तीला मी बिल्ड म्हणतो. भुकेचा पट्टा म्हणजे गडी किती उपाशी आहे ते दाखवणारी पडद्यावरची पट्टी. मागच्या वेळी मी लिहिलं होतं की भुकेचं गणित बसलं, आता पुराच्या पाण्याकडे वळतो. ते मागे घेतो. गेले तीन आठवडे भूक सोडून दुसऱ्या कशालाच हात लागला नाही.

बिल्ड १६ मिरजेच्या आतेभावाला दिला होता. अर्ध्या तासात त्याचा फोन. "दादा, ह्याला सारखं खायला काय लागतंय? आत्ताच भाकरी दिली की!" माझ्या लॅपटॉपवर भरपेट गडी दहा मिनिटं टिकायचा, त्याच्याकडे चार मिनिटांत आडवा. मी भाकरीचे आकडे वाढवले, चालण्याचा खर्च कमी केला, मग सगळं पुन्हा उलटं करून बघितलं. माझ्याकडे गड्याला भूकच लागेनाशी झाली, त्याच्याकडे तो तरीही मरत होता. आठ दिवस ह्यातच गेले. शेवटी भावाला मूळचा बिल्ड घड्याळ लावून खेळायला सांगितला. ४ मिनिटं १० सेकंद. म्हणजे माझ्यापेक्षा २.४ पट वेगानं. त्याचा मॉनिटर १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं (फ्रेम) दाखवणारा, माझा ६० चा. भागून बघा, २.४. पट्टा कमी करणाऱ्या कोडच्या ओळीला डेल्टानं (दोन फ्रेममधल्या वेळानं) गुणायचं राहिलं होतं, त्यामुळे भूक सेकंदागणिक न लागता फ्रेमगणिक लागत होती. एक शब्द घातला आणि दोन्हीकडे दहा मिनिटं झाली. बिल्ड १४ ते १६ "फार अवघड आहे" असं ज्यांनी कळवलं, त्यांनी आपापला रिफ्रेश रेट बघा.

बग गेला, कंटाळा गेला नाही. दुरुस्त बिल्ड भाऊ खेळत असताना मी शेजारी बसलो होतो. नदी चढत होती, गोठ्यातली म्हैस सोडायची होती, आणि हा चुलीपाशी भाकरी शोधत होता, कारण कोपऱ्यातला पट्टा लाल झाला होता. पुराकडे त्याची पाठ. चाळीस मिनिटांनी त्यानं गेम बंद केला.

मला सर्व्हायव्हल गेम आवडतात त्या निघण्याआधीच्या तयारीसाठी. काय घ्यायचं, काय ठेवायचं, अंधार पडायच्या आत परत येऊ का. माइनक्राफ्टनं २०११ मध्ये बीटा १.८ ला भुकेचा पट्टा आणला, पुढे सर्व्हायव्हल गेमचं पेव फुटलं, आणि मीही काही विचार न करता तोच पट्टा उचलला. व्हॅल्हाइममध्ये उपाशी राहून कोणी मरत नाही. तीन तऱ्हेचं खाल्लं की जीव आणि दम वाढतो, म्हणून दलदलीत उतरण्याआधी माणूस आपणहून रांधायला बसतो. द लाँग डार्कमध्ये कॅलरी मोजाव्या लागतात, पण तिथं लाकूड तोडलं तर कॅलरी जातात आणि नाही तोडलं तर गारठून जायची वेळ येते. माझ्या भुकेत निवडायला काहीच नव्हतं, दर दहा मिनिटांनी एक बटण.

म्हणून पट्टा काढला, तहानेचाही. आता भाकरी-पिठलं खाऊन निघालात तर पाण्यात दम टिकतो. नुसत्या चहावर निघालात तर पोतं माडीवर नेताना दोनदा टेकायला लागतं. पडद्यावर आकडा एकच, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. पावसाळ्यात सांगलीत जो तो हेच विचारतो, "पुलापाशी किती?" २०१९ ला तो आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हा आमच्या घरी दुसरं बोलणंच नव्हतं. भाऊ काल दोन तास खेळला. म्हैस पहिल्यांदाच वाचली. फोनवर तो फक्त म्हशीचंच सांगत होता, भुकेचं नावही निघालं नाही!

बाकी थोडक्यात. ८ जीबीच्या लॅपटॉपवर गोडॉट (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) गुमान चालतंय, सोबत ब्लेंडर (थ्रीडी आकार बनवायचं) उघडलं की धाप लागते. झाडांचे विकतचे पॅक घेऊ नका. मी घेतलेल्या दोन्हींत पाइन आणि ओंडक्यांची घरं, बाभळीचा पत्ता नाही. बाभळ आणि चिंच शेवटी हातानं केली, चिंच सुरेख जमलीय. पत्र्यावरच्या पावसाचा आवाज आमच्याच पडवीत फोनवर घेतला.

पुढचं काम काहिलीचं, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईचं, ठरलं होतं. पण वर "पेव फुटलं" लिहिलं आणि सांगलीजवळच्या हरिपूरची खरी पेवं डोळ्यांपुढे आली. जमिनीत खोल खणलेली, अरुंद तोंडाची हळदीची कोठारं. उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, हवा कोंदलेली असते. आजी सांगते, आधी कंदील सोडायचा, तो विझला तर माणूस उतरायचा नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून कितीतरी पेवं गेली. नदी चाळिशीकडे चाललीय, वर्षाची हळद पेवात, आणि तोंड उघडून हवा खेळायची वाट बघायची. किती वेळ थांबायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. काहील पुढच्या महिन्यात. आधी पेव.

अडचण कंदिलाची आहे. ज्योत बारीक होत गेलेली दिसली पाहिजे, पण पार्टिकलची (बारीक ठिपक्यांनी बनवलेली) ज्योत लहान केली की नुसती लुकलुकते. शेडरनं (रंग-उजेड ठरवणाऱ्या छोट्या कोडनं) कोणी केली असेल तर कशी केली ते सांगा. आजीचा जुना कंदील माळ्यावर आहे, रविवारी काच पुसून पेटवणार आणि वात खाली करताना व्हिडिओ घेणार.