पाटीवरचा नवा मुलगा

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा फोन आला आणि मला सहावीतला पहिला आठवडा आठवला. वडिलांची बदली झाल्यामुळे आम्ही विजापूरहून सोलापूरला आलो होतो. तोवर माझी शाळा कन्नड. 'माझी शर्ट' म्हणालो आणि अख्खा वर्ग खिदळला. त्यानंतर मी तोंड उघडायचंच बंद केलं. खेळाच्या सरांनी काही न विचारता मला खो-खोच्या पाटीवर नेऊन बसवलं. खो द्यायला लिंग-वचन लागत नाही!

आता मी आयर्लंडमध्ये, कॉर्कला राहतो. 2005 साली इथे आलो तेव्हा सप्टेंबरात गावभर लाल झेंडे लागले होते. कॉर्कने हर्लिंगची अखिल आयर्लंड स्पर्धा जिंकली होती, आणि करंडक हातात घेऊन अस्खलित आयरिशमध्ये बोलणारा कर्णधार सावळा, थेट आपल्यातला वाटावा असा. नाव शॉन ओग ओ हॅलपीन. 'ओग' म्हणजे धाकटा, वडीलही शॉनच.

आधी हर्लिंगबद्दल सांगतो. दोन्हीकडे 15-15 गडी, हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची चपट्या पात्याची काठी, तिला हर्ली म्हणतात. चामड्याचा छोटा चेंडू म्हणजे स्लितर. तो गोलखांबांमधल्या आडव्या दांड्यावरून गेला तर एक गुण, खालून जाळीत गेला तर तीन. हॉकी, क्रिकेट आणि मारामारी एकत्र केल्यासारखा हा खेळ पोरं चालायला लागली की शिकतात. आणि खेळण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत. अंतिम सामन्याला 80 हजार माणसं जमली तरी खेळाडू सोमवारी आपापल्या नोकरीवर.

या शॉनचा जन्म 1977चा, फिजीतला. आई तिथल्या रोटुमा बेटाची, वडील आयर्लंडमधल्या फर्मॅना परगण्याचे. हर्लिंगचा वारसा दोन्हीकडे नाही, यावर इथल्या एका नामांकित समालोचकाने केलेला विनोद आजही लोक एकमेकांना ऐकवतात. बालपण सिडनीत गेलं. 1988 साली कुटुंब कॉर्कला आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. त्या काळी कॉर्कमध्ये वेगळ्या रंगाचा चेहरा दुर्मीळ. आयरिश भाषा परकी, आणि हर्ली धरायची कशी तेही शिकण्यापासून सुरुवात. अकराव्या वर्षी म्हणजे फारच उशीर!

त्याची शाळा नॉर्थ मॉनॅस्ट्री, गावाच्या भाषेत 'नॉर्थ मॉन'. 1811ची ही शाळा हर्लिंगसाठी प्रसिद्ध. पुढे पंतप्रधान झालेले जॅक लिंच इथलेच, आणि तेही पट्टीचे हर्लर. शॉन इथे भाषा आणि खेळ दोन्ही शिकला. शाळा सुटली की ना पिअर्सिग या त्याच भागातल्या क्लबाच्या मैदानावर. 1994 साली नॉर्थ मॉनने मन्स्टर प्रांतातल्या शाळांचा हार्टी करंडक जिंकला, पाठोपाठ देशातल्या शाळांचं अजिंक्यपदही. त्या संघात तो होता. 1995 साली कॉर्कच्या 18 वर्षांखालच्या संघातून अखिल आयर्लंड विजेतेपद, 1996 साली मोठ्यांच्या संघात, मग 1997 आणि 1998 अशी लागोपाठ दोन वर्षं 21 वर्षांखालचं अजिंक्यपद. इतकी पदकं मी इथे भराभर उरकतोय, कारण मला सांगायचंय ते 1999चं.

त्या सप्टेंबरात डब्लिनच्या क्रोक पार्कवर पावसात कॉर्कने किलकेनी परगण्याला 0-13, 0-12 असं हरवलं. म्हणजे एकही गोल नाही, फरक एका गुणाचा. बचावफळीत बावीस वर्षांचा शॉन. दोन आठवड्यांनी तोच गडी त्याच मैदानावर कॉर्ककडून गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या स्वतःच्या फुटबॉलचा अंतिम सामनाही खेळला. तो मात्र मीथ परगण्याने जिंकला. एकाच महिन्यात दोन खेळांचे अंतिम सामने! आपल्या सरांना हे कळलं असतं तर त्यांनी मला खो-खोबरोबर कबड्डीलाही जुंपलं असतं.

कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना मी विचारायचो, पोरांनी त्याला चिडवलं नाही का? चिडवलंच असेल की, असं ते मोकळेपणाने म्हणायचे. मग एकजण हर्ली धरल्यासारखे हात करून दाखवायचा, तो चेंडू हवेत कसा झेलायचा ते, आणि माझा प्रश्न तिथेच राहायचा.

माझा मुलगाही आता इथे हर्लिंग खेळतो. घरी सोलापुरी मराठी, मैदानावर कॉर्कचं इंग्रजी, शाळेत आयरिश. माझ्या चुका तो तिन्ही भाषांत काढतो.

स्मरणिकेच्या वर्गणीबरोबर दोन हर्ली आणि चार स्लितर पाठवतो आहे. मुलांना खेळू द्या. फक्त त्याआधी मैदानाकडच्या खिडक्यांना जाळी बसवून घ्या.