क्वालिफायिंग नुसतं नावाला नको राव

अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस (सरळ पट्ट्यावर दोन गाड्यांची शर्यत) असली की पुण्यातली पोरं पहाटेच निघतात, पण क्वालिफायिंगकडे, म्हणजे मुख्य शर्यतीआधी नंबर ठरवणाऱ्या रनकडे, कोणी धड बघत नाही. 402 मीटरचा ईटी (तेवढं अंतर कापायला लागलेला वेळ) गाडी हलल्यावर सुरू होतो, रिअ‍ॅक्शन टाइम, म्हणजे दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ, त्यात धरतच नाहीत, मग नुसत्या ईटीवर नंबर लावले की भारी ट्यूनवाला वर आणि दिवा लागताच सुटणारा पोरगा खाली, हे कसलं फेअर? डायल-इन (आपली गाडी किती वेळात जाईल हे आधीच सांगायचं) असेल तर रिअ‍ॅक्शन टाइमवरच नंबर लावा ना. आणि दोन रन तरी द्या, दोन्ही लेनमधून, सकाळच्या गार हवेत इंजिन जे ओढतं ते भर दुपारी नाही ओढत (टर्बोवाल्यांना विचारा). वरच्या नंबरवाल्याला लेन निवडू द्या, नाहीतर जीव तोडून पळवायची कशाला?