गडग्यातला डबा

रविवार, रात्री साडेनऊ.

पोटऱ्या अजून ठणकताहेत. सकाळी चोर्ल्याच्या घाटात, गोव्यातल्या अंजुणे धरणाचं पाणी पहिल्यांदा दिसतं त्या वळणावर, मी नि भाचा बराच वेळ नुसते उभे होतो. पाऊस नुकताच सरलाय, धरण तुडुंब.

आम्ही निघालो होतो जिओकॅशिंगला: कुणीतरी लपवलेला डबा जीपीएसच्या मदतीने शोधायचा आणि आतल्या वहीत आपलं नाव लिहायचं, असा हा खेळ. डबा मात्र खाली, केरी गावाकडे उतरल्यावर. लाकडाचे ट्रक जायचे ती जुनी वाट आता दोन चाकोऱ्यांपुरती उरलीय, मधोमध गुडघाभर गवत आणि गवतात जळवा. अभयारण्याची हद्द आधी नकाशावर बघून घेतली होती. डबा आहे काजूच्या बागायतीच्या कडेला, मालकाला विचारून ठेवलेला. जिओकॅशिंगमध्ये मला हेच आवडतं: खणायचं नाही, जंगलाला हात लावायचा नाही.

अक्षांश-रेखांश मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात, म्हणजे जमिनीवर दोन मीटरसुद्धा नाही. पण किंजळीच्या दाट सावलीत फोनवरचा बाण वेड्यासारखा फिरायला लागला. बारा मीटर, चार, पुन्हा पंधरा. शेवटी भाच्याला म्हटलं, फोन खिशात टाक आणि दगड बघ.

२००० सालच्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मेला डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनच्या रानात एक बादली लपवली; या खेळातला तोच पहिला डबा. त्याआधी यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. आज आम्हाला शेवटची दहा पावलंच डोळ्यांनी शोधायची होती, तरी पाऊण तास गेला!

"काय हरवलंय रे?" बागायतीतून एका आजोबांनी हाक दिली. सांगितल्यावर ते हसले नाहीत. बागेच्या कडेच्या गडग्यापाशी, दगडांच्या रचलेल्या कुंपणापाशी आले, हात पाठीमागे बांधून बघत राहिले. म्हणाले, "हा दगड उलटा बसलाय. शेवाळाची बाजू आत गेली."

जांभ्याचा तो चिरा भाच्याने दोन्ही हातांनी काढला. मागे डबा. झाकणाचं रबर सैल झालेलं, आत पाणी शिरून वहीची पानं एकमेकांना चिकटलेली. फार वाईट वाटलं. ओली वही टाकून देववेना. रुमालात गुंडाळून घरी आणलीय. डब्यात तात्पुरता कोरा कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि ठेवणाऱ्याला कळवलं. त्या कागदावर पहिलं नाव भाच्याने आजोबांचं लिहिलं.

चिरा परत बसवताना आजोबांनीच सांगितलं, शेवाळ बाहेर ठेव.

वही आता पंख्याखाली आहे. चार पानं सुटली.