पीएसए ७.८

मे महिन्यात, नागपूर ४५ अंशांवर तापलेलं असताना, मला लघवीला जळजळ सुरू झाली. उन्हाळा लागला असेल म्हणून पन्हं आणि ताकावर आठवडा काढला. मग स्वस्त पॅकेजात सगळं रक्त तपासून घेतलं. त्यात प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची, पीएसए ही तपासणीही होती. पीएसए ७.८. बाजूला चारपर्यंतची मर्यादा आणि वर तोंड केलेला ठळक बाण. रात्री मोबाइलवर कॅन्सरबद्दल नको ते वाचलं आणि पहाटेपर्यंत कूलरची घरघर ऐकत पडलो.

धंतोलीतल्या युरॉलॉजिस्टनी आधी मलाच झापलं. "काका, इन्फेक्शन असताना पीएसए कशाला केला?" पीएसए हे प्रथिन मुख्यतः प्रोस्टेटमध्ये तयार होतं, ग्रंथी सुजली की रक्तात जास्त झिरपतं. आधी गोळ्यांचा कोर्स, मग सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. त्याआधी दोन दिवस सायकल बंद. आणखी एक पथ्य होतं, ते बायकोसमोर ऐकताना मी छताचा पंखा न्याहाळत होतो.

दुसऱ्यांदा ५.६. एमआरआयत कॅन्सरच्या संशयाला पाचपैकी तीन गुण, म्हणजे धड इकडे नाही, धड तिकडे नाही. बायोप्सी ठरली. प्रोस्टेटचे बारा बारीक तुकडे घेतले. भूल दिली होती, त्यामुळे दुखण्यापेक्षा त्या सुईच्या 'खट्' आवाजाचीच धास्ती. लघवीत दोन दिवस लाली, वीर्यात महिनाभर. आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर घाबरून गेलो असतो.

रिपोर्ट आला: जुनाट दाह, कॅन्सर नाही. घरात संत्रा बर्फी वाटली गेली आणि माझ्या डोक्यात नवा किडा वळवळू लागला. हीच सूज उद्या कॅन्सर झाली तर? हेपटायटिस बी-सीमुळे यकृताचा, एच. पायलोरी या जंतूमुळे जठराचा कॅन्सर होऊ शकतो, हे सिद्ध आहे. प्रोस्टेटचं तसं नाही, डॉक्टर म्हणाले. सुजेशेजारी आक्रसलेल्या, तरीही भराभर वाढणाऱ्या पेशी दिसतात. ती कॅन्सरची पूर्वतयारी असावी असा तर्क १९९९ साली मांडला गेला. पण पुढे एका मोठ्या चाचणीत सूज असलेल्यांमध्ये कॅन्सर जास्त आढळला, तर दुसरीत चक्क कमी. त्यात सुजेनं पीएसए वाढतो, वाढला की बायोप्सी होते, आणि शोधलं की सापडतंच. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात पटला.

आता दर सहा महिन्यांनी पीएसए, तोही एकाच लॅबमध्ये. परवा ४.९ आला. फुटाळा तलावापर्यंतची सायकल पुन्हा सुरू आहे. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस तेवढी ती अंगणात उभी असते.