टिचकी

माणसं गाडीच्या आवाजाला काय काय म्हणतात, याची एक वही करावी असं मला बरेच दिवस वाटतंय. आमच्या बडोद्यात गुजराती गिऱ्हाईक ‘खखडाट छे’ एवढं बोलून किल्ली टेबलावर ठेवतं. मग तो खखडाट शॉकअपचा की डिकीत सैल पडलेल्या जॅकचा, ते आपलं आपण शोधायचं. मराठी माणूस मात्र तपशिलात शिरतो. एका आजींनी मला ‘मांजर दूध पितंय असा’ आवाज सांगितला होता आणि तो अगदी तसाच निघाला. एसीच्या पाण्याची नळी तुंबून डॅशबोर्डमागे पाणी डुचमळत होतं.

दांडिया बाजारातले काका म्हणाले होते, ‘टिचकी.’

‘खडखड नाही रे. कोणी टिचकी मारावी तशी. एकदाच. मग दिवसभर काही नाही.’

दहा वर्षं जुनी आय-ट्वेंटी, बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची असते तशी निगुतीने ठेवलेली. मी गाडी घेऊन प्रतापनगरच्या पुलावरून चक्कर मारली, मुद्दाम खड्ड्यांतून नेली, कचकचून ब्रेक मारले. काहीही नाही. काका म्हणाले, ‘तुझ्याकडे आली की शहाणी होते.’ आवाजाचं कारणही त्यांनी ठरवून टाकलं होतं: इथेनॉल. ‘ते वीस टक्केवालं पेट्रोल आल्यापासूनच हे सुरू झालंय.’

आता या विषयावर माझ्याकडे रोज कोणीतरी भांडतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज थोडं पडणारच. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजी घ्यावी, हेही खरं. पण पेट्रोल टिचकी मारत नाही. हे मी काकांना जरा जास्तच हसून सांगितलं. लोकांचं काय, 78 टक्के नायट्रोजन असलेली हवा फुकट मिळत असताना टायरात नायट्रोजन भरायला पैसे मोजतात. आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी समा-अकोट्यात शिरली, तेव्हा पाणी ओसरल्यावर ‘जरा स्टार्ट करून बघितली’ म्हणणारे किती आले! पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमधला रॉड मात्र वाकतो. टो करून आणली असती तर निम्म्या खर्चात सुटले असते.

असो. गाडी वर घेतली, टॉमी म्हणजे लोखंडी दांडा लावून एकेक सांधा हलवून पाहिला. सस्पेन्शनच्या दोन्ही लिंक रॉडना थोडा खेळ होता. बदलले, मजुरीसकट 1,800 रुपये. रॉड खराबच होते, यावर मी आजही ठाम आहे. पण आजार तो नव्हता. आठवड्याने काका परत. मग मी शॉकअपच्या वरचे माउंट पाहिले, बुश पाहिले, ग्रीस मारलं. पुन्हा परत.

तिसऱ्या खेपेला बरोबर काकू होत्या, कोणाच्या तरी मुंजीला निघालेल्या. गाडीतून न उतरताच म्हणाल्या, ‘अरे, ती रिव्हर्स घेतल्यावर वाजते. यांना सांगून थकले मी.’

माझं गॅरेज रस्त्याला सरळ लागून आहे. गाडी पुढे जाते, पुढेच येते. काकांना मात्र रोज सकाळी बोळातून उलटं बाहेर पडावं लागतं. मी तिथेच उभा राहून त्यांना गाडी मागे घ्यायला लावली. ब्रेक: टक. पुढे, ब्रेक: टक. आणखी पुढे, ब्रेक: काही नाही. पुन्हा मागे: टक.

डाव्या चाकासमोर उकिडवा बसून मी हे पाच वेळा ऐकलं आणि मला कळलं. डिस्कच्या ब्रेक पॅडला दोन बाजूंना कान असतात, ते कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटमधल्या खाचेत बसतात. कान आणि खाच यांत किंचित जागा राहते. त्या जागेत पॅड धरून ठेवायला स्टीलची एक बारीक स्प्रिंगसारखी क्लिप असते. ती नसली, तर चाक ज्या दिशेने फिरतं तिकडे पॅड सरकतो आणि खाचेच्या भिंतीवर एकदा आपटतो. मग दिशा बदलेपर्यंत तिथेच गप्प बसतो. काकांनी शब्द अचूक निवडला होता. मी तो ऐकून सोडून दिला आणि स्वतःला ओळखीचा असलेला खडखडाट शोधत बसलो.

चाक काढलं. खालची क्लिप नव्हती.

ते पॅड माझ्याच गॅरेजात बदललेले होते. जुनं जॉबकार्ड काढलं, खाली माझी सही. नव्या पॅडच्या खोक्यात क्लिपा कधी येतात, कधी नाही. न आल्या तर जुन्या तारेच्या ब्रशने घासून परत बसवायच्या. हाताखालच्या पोराला जुनी गंजून तुटलेली दिसली असणार, टाकून दिली. चाकं चढण्याआधी बघणं माझं काम होतं. तारीख पाहिली, तर काकांना पेट्रोलचा संशय आला तेव्हाचीच. ‘तेव्हापासूनच’ हे त्यांचं म्हणणंही बरोबर होतं.

नवी क्लिप बसवली, पैसे घेतले नाहीत. ‘क्लिप नव्हती,’ एवढंच म्हणालो. ‘पडली असेल, रस्तेच तसे आहेत,’ काकांनी स्वतःच सांगून टाकलं. मी मान हलवली. 1,800 रुपयांचा विषय मी काढला नाही. आता ते बोळातल्या प्रत्येकाला माझं नाव सांगतात, आणि नवीन गिऱ्हाईक आलं की मला ते आठवतं.

परवा दोघं हवा भरायला आली. काकांनी लीलो चिवड्याचं पाकीट दिलं आणि पोराला टायरचं प्रेशर समजावायला गेले. काकूंनी काच खाली केली.

‘काय रे, ती क्लिप पडली होती की राहिली होती?’

मी विचारलं, ‘काकू, चहा सांगू का?’