न्हावा-शेव्याची जागा: बोलीच्या दरापलीकडचा हिशेब

न्हावा-शेव्याला गोदाम टाकायचं, तर बंदराची जमीन विकत मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळते. हे माहीत असूनही बरेच जण बोली लावताना एकच आकडा बघतात, तो म्हणजे चौरस मीटरचा दर. खरा खर्च त्या आकड्यात कमी असतो आणि ताबा मिळाल्यापासून पहिला ट्रेलर गेटमधून आत येईपर्यंतच्या काळात जास्त. भाड्याचं मीटर ताब्यापासून पळायला लागतं, धंदा मात्र कस्टम्सचा परवाना हातात पडल्यावर सुरू होतो.

दर ठरतो कसा? मोठ्या बंदरांसाठी केंद्राची २०१४ ची जमीन व्यवस्थापन मार्गदर्शक तत्त्वं आहेत. बंदराची समिती रेडी रेकनर, आसपासचे गेल्या तीन वर्षांतले व्यवहार, स्वतःच्या आधीच्या लिलावातले दर आणि मूल्यांककाचा अहवाल समोर ठेवते आणि साधारणपणे त्यातला सर्वात वरचा आकडा धरते. त्या बाजारभावाच्या किमान ६ टक्के वार्षिक भाडं, वर दरसाल किमान २ टक्के वाढ. ही राखीव किंमत झाली, म्हणजे बोलीची किमान पातळी. पुढे ई-निविदा आणि ई-लिलाव. समजा बाजारभाव चौरस मीटरला १०,००० रुपये आणि प्लॉट एक हेक्टर. पहिल्या वर्षी ६० लाख, तिसाव्या वर्षी जवळपास १ कोटी ७ लाख. हे राखीव किमतीवर, लिलावात चढलेला आकडा वेगळा. ३० वर्षांपर्यंतचा पट्टा बंदर स्वतः देऊ शकतं, त्यापुढची मुदत केंद्राच्या मंजुरीने. न्हावा-शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीएचं २७७ हेक्टरचं सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) हे वेगळं प्रकरण. तिथे ६० वर्षं मिळतात, पण पाच वर्षांच्या हिशेबात निव्वळ परकीय चलन मिळकत धन दाखवावी लागते, म्हणजे निर्यातीची कमाई आयातीच्या खर्चापेक्षा जास्त. माल देशातच विकायचा असेल तर ६० वर्षांच्या मोहात पडू नका.

आता मुद्रांक शुल्क. महाराष्ट्रात १० ते २९ वर्षांच्या पट्ट्यावर ते बाजारमूल्याच्या ५० टक्के रकमेवर लागतं, २९ वर्षांच्या वर गेलात की ९० टक्के रकमेवर. वरच्याच प्लॉटचं मूल्य १० कोटी आणि शुल्काचा दर ५ टक्के धरला, तर २९ वर्षांना २५ लाख आणि ३० वर्षांना ४५ लाख. एका वर्षाची किंमत २० लाख! नूतनीकरणाचं कलम करारात लिहिलेलं असेल तर तो काळही मुदतीत मोजला जातो. बंदराचा करारनामा छापील असतो, त्यात घासाघीस चालत नाही. म्हणून ही रक्कम बोली लावण्याआधीच कागदावर धरा. वार्षिक भाड्यावर १८ टक्के जीएसटी येतो. तो पुढे आपल्या जीएसटीतून वळता होऊ शकतो, पण गोदाम बांधताना भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट साधारणपणे मिळत नाही, आणि प्रकल्प अहवालात नेमकी हीच ओळ विसरली जाते.

जमीन बघायला जाल तेव्हा वरची मुरमाची भरणी पाहून खूश होऊ नका. न्हावा-शेवा ज्या उरण परिसरात आहे तिथे खाली खाडीचा मऊ चिखल आहे. तो वर्षानुवर्षं खचत राहतो आणि सगळीकडे सारखा खचत नाही. पायलिंगवर (जमिनीत खोल रोवलेल्या खांबांवर) उभी केलेली शेड जागच्या जागी राहते, बाहेरचं यार्ड खाली जातं, आणि शेडच्या माल चढवायच्या डॉकच्या तोंडाशी पायरी तयार होते. भरलेला कंटेनर उचललेल्या रीच स्टॅकरच्या पुढच्या आसावर १०० टनांच्या आसपास भार येतो, साधे पेव्हर ब्लॉक त्याखाली पावसाळाभरही टिकत नाहीत. बोअर घेऊन माती तपासायची परवानगी बोलीआधीच मागा. नाही मिळाली तर शेजारच्या प्लॉटवाल्याला त्याचे पाइल किती खोल गेले ते विचारा. खारी हवा विसरू नका: काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे समुद्राच्या फवाऱ्यात येणाऱ्या काँक्रीटला किमान एम-३५ दर्जा आणि सळईवर ५० मिलिमीटर आवरण लागतं. यात वाचवलेले पैसे दुरुस्तीत दामदुपटीने जातात.

प्लॉटलगत खारफुटी असेल तर विषय तिथेच थांबवा. २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर खारफुटी आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्याला हात लावायचा तर सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही न्यायालयात जावं लागतं. खाजगी गोदामाचं तर नावच नको.

सुविधा कोणती उघडायची, यावर आमचं मत स्पष्ट आहे: नवं सीएफएस (बंदराबाहेर कंटेनरमधला माल ठेवून कस्टम्समधून सोडवायचं केंद्र) नको. न्हावा-शेव्याभोवती ती आधीच भरपूर आहेत आणि २०१६ पासून थेट बंदरातून माल उचलायची सोय वाढत गेल्याने त्यांचा आयातीचा धंदा आटला आहे. वर कस्टम्स कर्मचाऱ्यांचा खर्चही कस्टोडियनच्या, म्हणजे ते चालवणाऱ्याच्या, डोक्यावर. त्यापेक्षा कस्टम्स कायद्याच्या कलम ५८ चं खाजगी बाँडेड गोदाम (आयात माल शुल्क न भरता ठेवायची जागा), आणि मालावर काही प्रक्रिया करणार असाल तर त्याला कलम ६५ ची जोड. साध्या बाँडेड गोदामात ९० दिवसांनंतर शुल्कावर व्याज सुरू होतं आणि मुदत वर्षभराची. कलम ६५ मध्ये यंत्रं आणि कच्चा माल आत असेपर्यंत शुल्कही थांबतं, व्याजही लागत नाही. बाँड (हमीपत्र) मात्र शुल्काच्या तिप्पट रकमेचा द्यावा लागतो.

क्रम चुकला की महिने जातात. परवान्यासाठी कस्टम्सचे अधिकारी तयार जागा बघायला येतात, नकाशा बघायला नव्हे. त्याआधी अग्निशमनाची व्यवस्था, सीसीटीव्ही, विमा, कुंपण आणि ये-जा ताब्यात ठेवणारं एकच दार तयार हवं. अग्निशमन ना-हरकतीसाठी बांधकाम मंजूर आराखड्याबरहुकूम हवं. आराखडा कोण मंजूर करतं हे जागेवर अवलंबून: उरणजवळच्या द्रोणागिरी नोडमध्ये सिडको. बँकेला तारण द्यायचं तर बंदराचं वेगळं ना-हरकत पत्र लागतं, तो अर्ज ताब्याच्या दिवशीच टाका. वजनकाटा बसवणार असाल तर वैधमापनाचा शिक्का दरवर्षी.

पट्टा संपल्यानंतरचं कलमही आधीच वाचा. मुदतीनंतर बसून राहिलात तर १९७१ च्या सरकारी जागा कायद्याखाली इस्टेट ऑफिसर बाहेर काढू शकतो, दिवाणी दाव्याने ते अडत नाही. बांधकाम काढून न्यायची मुभा असेल तर आरसीसीऐवजी नटबोल्टची पीईबी (कारखान्यात तयार केलेल्या पोलादी भागांची) शेड उभारा, निदान पोलाद तरी परत नेता येतं.