तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या होडीवर मी फायबर का मारून देत नाही

मे महिन्यात होड्या शाकारण्यासाठी किनाऱ्यावर ओढल्या जाऊ लागल्या, की निदान पंधरा-वीस माणसे मला एकच प्रश्न विचारतात. "मेस्त्री, एकेक फळी कशाला काढत बसता? वरून फायबर मारून द्या, चार वर्षे बघायला नको." फायबर म्हणजे काचतंतूंची मॅट राळेत भिजवून होडीवर चढवलेले कवच. मी त्याला नाही म्हणतो. मग कोणी म्हणतो की मला मजुरी वाढवायची आहे, कोणी म्हणतो की मी वडिलांच्या काळातून बाहेर आलेलो नाही. आजवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मी पुन्हा कामाला लागत असे. यंदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मी फायबरच्या विरोधात नाही, हे आधी स्पष्ट करतो. नव्या, कोरड्या मरीन प्लायवूडच्या होडीला मी स्वतः फायबर लावतो आणि ते उत्तम टिकते. संपूर्ण फायबरची होडी लाकडी होडीपेक्षा हलकी असते, तिला डिझेल कमी लागते आणि समुद्रातली कीड तिला पोखरू शकत नाही. ही कीड दिसायला अळीसारखी असली, तरी ती शिंपल्याच्या कुळातली आहे. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून ती आत शिरते आणि वरची फळी धड दिसत असताना आतून तिची चाळण करते. तेव्हा फायबर चांगले की वाईट, हा माझा वाद नाही. वीस-तीस वर्षे पाणी, तेल आणि डांबर प्यायलेल्या लाकडावर ते चढवायचे की नाही, एवढाच आहे.

"पूर्वी तांब्याचा पत्रा मारत होते, मग फायबर का नको?" असेही मला विचारले जाते. तांब्याचा पत्रा खिळ्यांनी ठोकलेला असतो, लाकडाला चिकटवलेला नसतो. शंका आली तर एक पत्रा उचकटून खालची फळी पाहता येते आणि तो पुन्हा ठोकता येतो. तोही प्रकार निर्धोक नव्हताच. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने 'अलार्म' या जहाजाच्या तळाला तांबे लावून पाहिले, तेव्हा जिथे लोखंडी खिळे तांब्याला भिडत होते तिथे ते खाऱ्या पाण्यात झिजून गेले. आमच्याकडेही बदललेल्या फळीला कोणी घाईघाईत मिळतील ते खिळे मारले, की दोन वर्षांत हीच गत होते. नव्या थराखाली काय चालले आहे ते पाहण्याची सोय ठेवली नाही, तर खालच्या मालाचे काय होईल ते आपल्या हातात राहत नाही, असे माझे मत आहे.

लाकूड खाऱ्या पाण्याने सहसा कुजत नाही, गोड्या पाण्याने कुजते. कुजवणारी बुरशी खारट ओलीत फारशी वाढत नाही. म्हणून माझे वडील पावसाळ्याआधी वाकांच्या, म्हणजे फळ्यांना आतून धरणाऱ्या वळणदार फासळ्यांच्या, मधल्या खाचांत खडेमीठ टाकत असत. पावसाचे पाणी वरच्या फळ्यांच्या सांध्यांतून झिरपून आत उतरते आणि पठाणाजवळ, म्हणजे होडीच्या कण्यापाशी, साचून राहते. होडी उघडी असेल तर ती ओल दोन्ही बाजूंनी सुकते. बाहेरून फायबरचे कवच असेल, तर बाहेरची बाजू कायमची बंद होते. त्यातच साग मुळात तेलकट, आणि आमच्या जुन्या होड्यांना वर्षानुवर्षे माशाचे नाहीतर उंडीचे तेल चोपडलेले. त्याच्यावर राळ धरते खरी, पण धरलेली दिसते तेवढी धरत नाही. शिवाय फळी पाण्यात फुगते आणि उन्हात आकसते. कवच तिच्याबरोबर हलत नाही.

हे सगळे मला नऊ वर्षांपूर्वीही ठाऊक होते. खरे सांगायचे ते यापुढेच आहे.

त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात शेजारच्या वाडीतले एक तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, आपली ३२ फुटी होडी घेऊन आले. सागाच्या फळ्या, ऐनाचे वाक, बांधणी जुनी पण घाट सुरेख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे हातात दोन महिने होते आणि ते दोन्ही पावसाचे. होडी आडोशाला घेऊन मी नेहमीप्रमाणे हातोडीने ठोकत गेलो. नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मध्यापर्यंत आवाज खणखणीत होता. इंजिनाच्या खाली, पठाणाला लागून असलेल्या पहिल्या फळीवर ठोकले आणि ती बद्द वाजली. पटाशी लावली, तर टोक अर्धा इंच सहज आत गेले. आत वाकून पाहिले, तर लागोपाठचे तीन वाक नखाने खरवडता येत होते.

अशा वेळी इंजिन उचलायचे, फळी काढायची, नवे वाक घालायचे, हे एकच काम असते. वाकाला सरळ लाकूड चालत नाही, कारण वळणात कापले की त्याचे तंतू तुटतात. मुळातच त्या वळणाने वाढलेले ऐनाचे किंवा बाभळीचे खोड शोधावे लागते, आणि "एवढे दिवस का लागतात" या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी या शोधातच आहे. तांडेलांच्या हातात फायबरपुरते पैसे होते, वाकांपुरते नव्हते. त्यांनी मला विचारले, "फायबर मारल्यावर होडी मजबूत होईल ना?" मी म्हटले, "होईल."

त्या एका शब्दाकडे मी पुष्कळ वेळा परत गेलो आहे. वाक मऊ आहेत, हे मी त्यांना सांगितले होते, पण ते इंजिनाचे बोल्ट मोजता मोजता, "जरा ओल धरली आहे" अशा शब्दांत. ओल आणि कूज यांत फरक आहे. तो मला कळत होता आणि माझे शब्द मी नीट निवडले होते.

पावसातच आम्ही काम केले. मोठे बल्ब लावून, पंखे फिरवून वरचा पृष्ठभाग हाताला कोरडा लागेपर्यंत सुकवला, मॅटचे थर दिले, घासले, निळा रंग दिला. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली आणि पहिल्या दिवशी तळात थेंबभर पाणी आले नाही. एरवी लाकडी होडी पाण्यात टाकल्यावर फळ्या फुगून सांधे मिटेपर्यंत दिवसभर पाणी उपसावे लागते. तांडेलांनी मला घरी पापलेट पाठवले. पुढच्या वर्षी त्यांच्या सांगण्यावरून आणखी दोघे माझ्याकडे आले आणि त्यांचीही कामे मी तशीच केली.

तिसऱ्या वर्षी जानेवारीत त्यांच्या शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या पंख्याच्या दांड्याच्या, कपलिंगचे बोल्ट वारंवार तुटू लागले. यंत्रवाल्याने दोनदा बदलून दिले आणि इंजिन हलते आहे असे सांगितले. होडी ओढून घेतली. बाहेरून तिच्यावर चरा नव्हता. पठाणाजवळ मी ग्राइंडरने वीतभर लांबीची चीर दिली आणि आतून काळे पाणी आले. पावसात भिजलेल्या पेंढ्याचा येतो तसा वास आला. चौकोन कापून कवच ओढले, तर ते न झगडता सुटले. मागे फळी नव्हती, फळीच्या आकाराचा चिखल होता. मी हात घातला तो थेट आत गेला. तीन वाकांच्या जागी आतल्या बाजूने रंगाचा पापुद्रा तेवढा शिल्लक होता, आणि कूज आता सातव्या वाकापर्यंत पोहोचली होती. सहा माणसे आणि इंजिन घेऊन ती होडी दोन हंगाम चार मिलिमीटरच्या कवचावर समुद्रात गेली होती.

तांडेल शेजारी उभे होते. त्यांनी त्या भोकात हात घातला नाही. माझ्याकडे बघून एवढेच म्हणाले, "मेस्त्री, तुमका म्हायत होता मां?"

मी काही बोललो नाही. होडी मोडीत काढली. वरच्या अंगाचा धड साग विकला गेला, कुजका चुलीतही घालता आला नाही. फायबरचे तुकडे कारखान्यामागे अजून पडून आहेत. त्यांच्या आतल्या बाजूला फळ्यांच्या रेषा, सांधे, अगदी खिळ्यांची डोकीसुद्धा उमटलेली आहेत, आणि त्या फळ्या मात्र आता कुठेच नाहीत.

त्या वेळचा मी आजच्या मला विचारतो की नकार दिला असतास तर काय झाले असते? ते दुसऱ्याकडे गेले असते, किंवा त्याच मऊ वाकांवर, फायबराविनाच समुद्रात गेले असते. दोन हंगाम त्यांना मासळी मिळाली, त्यांचे जाळ्यांचे कर्ज फिटले, हेही खोटे नाही. याला माझ्याकडे उत्तर नाही. निर्णय त्यांचा होता, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगितले. पण ज्याला "जरा ओल" एवढेच सांगितले, त्याने निर्णय कशाच्या आधारावर घेतला, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. नंतर आलेल्या दोघांना मी जाऊन सगळे सांगितले. एकाने होडी उघडून घेतली. दुसऱ्याची अजून चालते आहे, तिला आता आठ वर्षे होतील, आणि ती का चालते ते मला सांगता येत नाही.

लाकूड टिकतच नाही, असे म्हणणाऱ्यांना मी एक उदाहरण देत असे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागाचे बांधलेले 'ट्रिंकोमाली' हे जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगते आहे. मात्र त्याच्या दुरुस्तीला दहा वर्षांहून अधिक काळ लागला आणि ते जहाज मासेमारीला जात नाही. कर्जाच्या हप्त्यावर दोन महिन्यांत होडी मागणाऱ्या माणसाला ते उदाहरण देणे बरोबर नव्हते. आता मी देत नाही.

आता मी एवढे करतो. फायबर मागणाऱ्या मालकाला समोर उभे करून होडी तीन ठिकाणी उघडतो, पठाणाजवळ, इंजिनाखाली आणि मागच्या टोकाला. पटाशी त्याच्याच हातात देतो. बहुतेक जण पटाशी आत गेली की गप्प होतात, काही जण रागावून होडी दुसरीकडे नेतात, आणि त्यांच्या रागाला पैशांचे खरे कारण असते हे मला माहीत आहे. गेल्या वर्षी एका होडीची तिन्ही ठिकाणे कोरडी आणि कणखर निघाली. पाऊस सुरू होण्याआधी दोन महिने ती उन्हाआड सुकवली आणि मग तिला फायबर लावून दिले. तेव्हा "का देत नाही" हा तुमचा प्रश्नसुद्धा आता पूर्ण बरोबर राहिलेला नाही. ती होडी खाडीत आली, की मी हातोडी घेऊन जातो आणि इंजिनाखालच्या भागावर ठोकून बघतो. परवापर्यंत आवाज चांगला येत होता. कवचावरून ठोकलेला आवाज लाकडाचा किती आणि कवचाचा किती, हे मात्र मला अजून ओळखता येत नाही, आणि तसे मी तिच्या मालकाला सांगितले आहे.